म्हैस विकण्याआधी



तुमची-माझी गाठ पडते ती बहुधा खते, बियाणे आणि फवारणीच्या निमित्ताने. आज मी वेगळ्या विषयावर लिहीत आहे. विषय मुलांच्या शिकवणीचा आहे. पण तोही खर्चाचाच आहे, आणि शेतातल्या कुठल्याही खर्चाप्रमाणे आधी हिशोब मांडून मगच करावा असा आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. पेरण्या चालू होत्या. एक ओळखीचे शेतकरी कार्यालयात आले. सोयाबीन उगवले नसेल, त्याची तक्रार असेल, असे मला वाटले. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, म्हैस इकावी म्हणतोय.”

म्हैस दुसऱ्या वेताची, दोन वेळचे मिळून आठ-नऊ लिटर दूध देणारी. डेअरीचा पगार आला की घरचा किराणा आणि म्हातारीचे औषध त्यातूनच निघायचे. ती विकायचे कारण असे की, मुलगा दहावीत गेला होता. त्याला शिक्षणासाठी मुंबईला, लालबागच्या आत्याकडे ठेवला होता. आता त्याला दादरच्या एका क्लासला घालायचे होते आणि सर्व विषयांचे पैसे एकदम भरायचे होते.

“कुठल्या विषयात अडतो?” मी विचारले.

“इतिहास-भूगोल ध्यानात ऱ्हाईना म्हणतो. गणितात बी जरा कच्चा हाय. पर क्लासवालं म्हणत्यात समदंच घ्या, सुटं परवडत न्हाई. तुमी सांगा, इकू का?”

मी लगेच उत्तर दिले नाही. याच प्रश्नाला मी पूर्वी एकदा चटकन उत्तर दिले होते, आणि ते चुकले होते.

माझी धाकटी बहीण परळला राहते. मेहुणे एका कार्यालयात शिपाई आहेत. जिथे ते कार्यालय आहे तिथे पूर्वी गिरणी होती. २०१८ साली भाची दहावीत गेली तेव्हा बहिणीने फोन करून विचारले, “दादा, क्लास लावू का?” मी म्हणालो, “लाव. सगळ्या विषयांचा लाव. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.” शिकलेल्या भावाने सांगितले म्हणजे बरोबरच असणार, असे तिला वाटले. तिने क्लास लावला.

पोरीचा दिवस असा असे. सकाळी शाळा. दुपारी दोन घास खाऊन परळहून दादरला. दादर स्टेशनबाहेरची गर्दी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, त्या गर्दीतून वाट काढीत क्लास. क्लासात इतिहास-भूगोलाच्या तासाला सर तयार उत्तरे सांगत आणि साठ मुले ती वहीत उतरवून घेत. रात्री नऊला घरी. वह्या सुरेख भरल्या होत्या, लाल शाईने मथळे, खाली रेघा. त्या वह्या पाहून मलाही समाधान वाटले होते.

निकाल लागला. गणितात तिला चांगले गुण होते, समाजशास्त्रात मात्र जेमतेम. सारा दोष मी क्लासला देणार नाही. त्या वर्षी पुस्तक नवे होते, भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातचे गुण काढून टाकले होते, आणि राज्याचा दहावीचा निकालच ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला होता. पण भाची जे बोलली ते मी विसरलो नाही. ती म्हणाली, “मामा, लिहून घ्यायला वेळ होता. पाठ करायला नव्हता.”

त्याच भेटीत बहिणीच्या हातांकडे माझे लक्ष गेले. नुसत्या काचेच्या बांगड्या. आईने दिलेल्या पाटल्या कुठे आहेत, असे मी विचारले. तिने चहाचे कप उचलले आणि मोरीकडे गेली. पाटल्या फीसाठी गहाण पडल्या होत्या. मी एकदा शब्द टाकला आणि मोकळा झालो होतो.

माती न तपासता एखाद्याने एकरी चार पोती खत टाकले तर मी त्याला बांधावर उभे राहून बोलतो. इथे मी स्वतः तेच केले होते. गणिताला शिकवणीची गरज होती, इतिहास-भूगोलाला वेळेची. मी सगळ्यांना एकच खत सांगितले.

याची लाज जास्त वाटण्याचे कारण असे की, मला हे कळायला हवे होते. मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मी तेव्हा लहान शाळकरी पोर. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि वडिलांनाही पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही. १९८६ साली मी दहावीला होतो तेव्हा ते दादरच्या भाजीबाजारात पाट्या उचलत आणि आई घरी पापड लाटून देई.

वर्गातली काही मुले दादरला, गिरगावला क्लासला जात. मलाही घालावे म्हणून वडील एका ओळखीच्या माणसाकडे उसने पैसे मागायला निघाले. चपला घालता घालता आईने त्यांना थांबवले. “आधी पोराला काय येत नाही ते तरी बघू,” ती म्हणाली.

आई शाळेत गेलेली नव्हती. रात्री जेवणे उरकली की ती पोळपाट घेऊन बसे आणि मी समोर पुस्तक मिटून बसे. मी उत्तर म्हणून दाखवायचे. एक मुद्दा झाला की ती एक पापड बाजूला ठेवी. उत्तर संपले की पापड मोजी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच उत्तर पुन्हा विचारी आणि म्हणे, “परवा सात झाले होते. आज सहाच कसे? एक कुठे गेला?”

“तुला काय कळतंय त्यातलं?” एकदा मी चिडून म्हणालो.

“काही नाही कळत,” ती म्हणाली, “पण तू अडखळलास ते कळतं.”

मग मी पुस्तक उघडून सातवा मुद्दा शोधायचा, पुन्हा मिटून पुन्हा म्हणायचा. पापड लाटून होईपर्यंत दोन-तीन उत्तरे होत. गणितासाठी मात्र आईचा उपयोग नव्हता. ते चाळीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा शिकवी, मंडळाच्या खोलीत, फुकट. मार्चच्या परीक्षेत मला इतिहास-भूगोलात गणितापेक्षा जास्त गुण मिळाले. पुढे कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी. एस्सी. झालो. तिथेही किडींची शास्त्रीय नावे मी अशीच पाठ केली, फक्त समोर आईऐवजी खोलीतला मित्र होता.

आई जे करीत होती त्यामागे शास्त्र आहे, हे मला फार उशिरा समजले. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. आणि एका बैठकीत रेटून केलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांवर वाटून केलेले पाठांतर कमी कष्टात टिकते. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी तो एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

तुम्हाला हे पाण्याच्या भाषेत सांगतो. महिन्याचे पाणी एकाच दिवशी मोकाट सोडले तर रानाला वापसा येत नाही, मुळे गुदमरतात आणि उरलेले पाणी वाहून जाते. तेच पाणी पाळ्या करून दिले तर पिकाला लागते. पाठांतराचेही तसेच आहे. धडा वाचला त्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, पंधरवड्याने आणि मग महिन्याने. दर वेळी पुस्तक मिटलेले असले पाहिजे. उघड्या पुस्तकावरून डोळे फिरवणे म्हणजे पाटात पाणी पाहून रान भिजले असे समजणे.

आता हिशोब करू या. क्लासच्या तासात मुलाच्या डोक्यातून काही बाहेर काढून घेतले जाते का? घेतले जात असेल, सर रोज विचारत असतील, लिहिलेले तपासून चूक दाखवत असतील, तर त्या फीचा काही मोबदला मिळाला म्हणता येईल. नुसते सांगणे आणि उतरवून घेणे चालत असेल, तर ते काम छापील पुस्तकाने आधीच केले आहे. गणितात मूल कुठे अडले हे त्याला स्वतःलाच कळत नाही. पायरी दाखवणारा जाणकार लागतो. इतिहासाचे उत्तर पुस्तकात आहे. ते बरोबर आले की नाही, हे पुस्तक हातात धरून कुणीही सांगू शकते. तिथे ऐकणारे माणूस लागते, आणि ते बहुतेक घरांत असते.

परळचेच एक मोठे उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. घरात दाटी. वडील रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपवीत आणि पहाटे दोनला, चाळ शांत असताना, अभ्यासाला उठवीत. चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत, तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना हेरले आणि पुस्तके दिली. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून ७५० पैकी २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाले. बापाने झोपमोड केली, केळुसकरांनी पुस्तके पुरवली; त्या मुलाची शिकवणी ती एवढीच. आणि पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले ते पुस्तकांसाठी.

क्लास कधीच लावू नये असे मात्र मी म्हणत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, बाहेर लालबागच्या पुलावरची वाहने. अशा घरातल्या मुलाला क्लासात निदान एक बाक आणि एक दिवा मिळतो. पण मग आपण बाकाचे पैसे देत आहोत, हे ओळखून द्यावेत. बाक अभ्यासिकेतही मिळतो. वरळीला बीडीडी चाळींच्या मुलांनी एका रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला, म्हणून त्या रस्त्याला लोक अभ्यास गल्ली म्हणतात. आपल्या गावात ग्रामपंचायतीची खोली आहे, देवळाचा मंडप आहे. आणखी एक गोष्ट. मूल वाचतानाच अडखळत असेल, वाक्याचा अर्थच लागत नसेल, तर ऐकणाऱ्या माणसाने भागणार नाही. तिथे शिकवणारा पाहावाच, आणि शाळेतल्या गुरुजींना भेटून त्याची सुरुवात करावी.

म्हणून आधी माती परीक्षण करावे. इतिहासाचा एक धडा मुलाला दोन दिवस वाचू द्या. आठवड्याने पुस्तक मिटून त्यावरची दोन उत्तरे लिहून घ्या. मुलाला धडा वाचता आला नसेल तर एक दोष. वाचला पण समजला नसेल तर दुसरा. समजला होता पण निसटला, असे असेल तर तिसरा. या तिसऱ्या दोषाला क्लासची गरज नाही, पाळ्यांची आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक मुले या तिसऱ्याच गटातली निघाली.

परीक्षण करून क्लास लावायचाच ठरला, तर फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. एका वर्गात मुले किती? मुलाने लिहिलेले उत्तर कोण आणि किती वेळा तपासणार? दोनच विषय घेतले तर चालेल का? जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना किंवा दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश देऊ नये, आणि मुलाने क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. पण आपल्याला माहीत असलेल्या बऱ्या. शिकवणीचे वेड आता खेड्यांतही पोचले आहे. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात पैसे देऊन शिकवणीला जाणारी पहिली ते आठवीची मुले २०१८ साली २६.४ टक्के होती, २०२२ साली ती ३०.५ टक्के झाली. शेजारच्याने लावली म्हणून लावली, असेही त्यात बरेच असणार. फवारणीचेही आपण तसेच करतो.

असो. त्या शेतकऱ्यांना मी हे सगळे सांगितले. बहिणीच्या पाटल्यांचेही सांगितले, नाही तर माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? ते बराच वेळ टोपीशी चाळा करीत बसले. मग म्हणाले, “म्हंजी म्हैस ऱ्हाऊ दे म्हणताय?”

“दोन महिने राहू दे,” मी म्हणालो. “गणितापुरती लालबागमध्येच कुणाची शिकवणी बघा. इतिहास-भूगोलाला त्याच्या आईला बसवा.”

“ती? तिला कुठं वाचता येतंय? आन् ती हितं, पोरगं तिथं.”

“फोन आहे ना घरात?”

दिवाळीत मी मुंबईला गेलो तेव्हा त्या मुलाला भेटलो. २०१८ च्या दहावीच्या इतिहासात वर्तमानपत्रे, सिनेमा, खेळ, पर्यटन असे धडे आहेत. त्याला घेऊन गिरगावात फिरलो. केशवजी नाईकांच्या चाळी दाखवल्या, तिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या कोरोनेशन थिएटरात लागला, ते याच गिरगावात होते, हे सांगितले. सनावळी पायाखाली आली की जरा सोपी होते. तुमच्या गावात गिरगाव नसेल, पण वीरगळ असेल, जुनी बारव असेल. भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, आणि ब्राझील आपल्यासारखाच उसाचा देश आहे. त्यावर बोलायला शेतकरी बापाइतका योग्य माणूस कोण?

परवा संध्याकाळी एका प्लॉटची पाहणी करून परतताना त्यांच्या घरावरून गेलो. धार काढून झाली होती. बाई गोठ्याच्या ओट्यावर बसल्या होत्या, फोन चरवीला टेकवलेला, आवाज मोठा केलेला. पलीकडून मुलगा ब्राझीलच्या हवामानाचे उत्तर म्हणत होता. मागे आत्याच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बाईंच्या मांडीवर भुईमुगाच्या शेंगा होत्या. एकेक मुद्द्याला त्या एकेक शेंग पदरातून काढून ओट्यावर ठेवत होत्या.

“पाचच झाल्या रं,” त्या फोनात म्हणाल्या. “सोमवारी सा हुत्या.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग पाने उलटल्याचा आवाज आला.

निकाल अजून लागायचा आहे. तो काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही, आणि सांगण्याची घाई एकदा केली आहे तेवढी पुरे. म्हैस गोठ्यात आहे. तुमच्या घरात यंदा दहावीचे मूल असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्याच्यासमोर बसा. पुस्तक मिटायला सांगा. हाताशी मूठभर शेंगा ठेवा, आणि ऐका.